कापड उलटून पाहताना : आपल्या गुरुवारच्या गटाचे अनुभव

दर गुरुवारी दुपारी बडोद्याच्या दांडिया बाजारात आपण भरतकामाच्या रिंगा आणि धाग्यांचे डबे घेऊन बसतो. कुणी नवीन आलं की तिच्या हातातला रुमाल आपण कौतुकाने बघतो आणि लगेच उलटतो. हात कसा वळला आहे ते तिथेच कळतं. म्हणून या वेळी सगळ्यांना आग्रहाने सांगते आहे, आपापल्या भरतकामाच्या उलट्या बाजूबद्दल लिहा. टाका कुठे शिकलात, कुणी उसवायला लावला, गटात काय मिळालं, सुचेल तसं लिहा.

वाडीहून
माझ्या आईने रुखवतातल्या एकाही चादरीला गाठ मारू दिली नाही. धाग्याचं टोक मागच्या चार टाक्यांखालून ओढून घ्यायचं, मगच कापायचं. तेव्हा नक्षी छापायला कार्बन पेपर कुठला! बटर पेपरवर नक्षी काढायची, रेघेवरून सुईने भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. कागद उचलला की निळ्या ठिपक्यांचा मोर उमटलेला असायचा. तो वास अजून नाकात आहे.

मांजलपूरहून
यजमानांच्या बदलीमुळे तीन वर्षं भुजला होते. शेजारच्या एका मासींकडे सूफ नावाचं भरतकाम शिकले. १९७१च्या युद्धानंतर पाकिस्तानातल्या थरपारकरमधून जी कुटुंबं कच्छमध्ये आली, त्यांतलं त्यांचं घर. सूफमध्ये नक्षी आधी काढतच नाहीत. कापडाचे ताणेबाणे मोजायचे आणि भरायचं चक्क उलट बाजूने. सुलटीकडे बारीक त्रिकोण तयार होत जातात आणि आपण त्यांच्या पाठीकडे बघत असतो. एक धागा मोजायचा चुकला की पुढे त्रिकोणाची टोकं जुळत नाहीत. माझी नाही जुळली. मासींनी रागावल्याशिवाय वीतभर काम उसवलं आणि म्हणाल्या, ‘फरी गण.’ पुन्हा मोज. मी रडले होते. आज त्या पट्टीची उशी करून ठेवली आहे, पण कुणाला टेकू देत नाही. तुम्ही म्हणता उलट बाजू बघू या, सूफवाल्या बायकांचा तर सगळा दिवस त्याच बाजूला जातो!

कारेलीबागेतून
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण सुई ओवणं जमेना. मग गुरुवारी निघताना या मुली मला वीस सुया ओवून पिनकुशनला टोचून देतात, रंगांप्रमाणे ओळीने. सहा पदरी धाग्याचे दोन-दोन पदर वेगळे करून. आठवडाभर पुरतात. याहून जास्त काय लिहू?

रावपुऱ्यातून
मी निवृत्त फिटर. बायकोला सोडायला यायचो आणि जिन्यात उभा राहायचो. माझी आई धारवाडकडची, तिच्याजवळ बसून लहानपणी तिकडच्या कसुती भरतकामातला गवंती टाका शिकलो होतो. जाताना धावदोरा घालायचा, येताना मधल्या रिकाम्या जागा भरत परतायचं. दोन्ही बाजू सारख्या. एक दिवस धीर करून पट्टी आणली. सगळ्यांनी नेहमीप्रमाणे उलटली, परत उलटली, आणि एका काकूंनी विचारलं, ‘भाऊ, यातली सुलटी कुठली?’ त्या दिवसापासून मी आत बसतो.

गोत्रीहून
एका नवरात्रीला आम्ही चौघींनी एका दुकानासाठी चणियाचोळ्या भरल्या. आभला, म्हणजे आरशाचा तुकडा, चिकटवला नाही. आधी आडव्याउभ्या धाग्यांनी धरला, मग कडेने त्या धाग्यांत अडकवत काजटाका घातला. गरब्यात घेरदार चकरा मारल्या तरी एक आभला निसटला नाही. पैसे मात्र दिवाळी उलटली तरी अर्धेच आले. ‘मशीनवर स्वस्तात होतं,’ हे वर ऐकवलं. तेव्हापासून गटाने ठरवलं, अर्धी रक्कम हातात आल्याशिवाय सुई उचलायची नाही. हे धरून राहा ग, कुणीही एकटीने मोडू नका.

फतेहगंजहून
मी सगळ्यांत लहान, अजून कॉलेजात आहे. खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेल्या मोत्यांच्या गालिच्याचा फोटो पाहिला आणि झोप उडाली. बसऱ्याचे लाखो मोती, तेही टाचून बसवलेले! २००९ मध्ये दोह्याला त्याचा लिलाव झाला. बडोद्याचं नाव त्याला आहे, पण मला तो पाहायचा तर कतारला जावं लागेल. गेलेच कधी, तर तिथल्या लोकांना विचारणार आहे, याची मागची बाजू दाखवता का? एवढ्या मोत्यांचा भार पेलणारा धागा मागे कसा बांधला असेल?

सगळ्यांचं वाचलं. वाडीच्या काकू, येत्या गुरुवारी निळीची रीत करून दाखवाल का? निळीची पुडी मंगळ बाजारातून मी आणते. रॉकेलचं काय करायचं ते भाऊ बघतील. आणि मांजलपूरच्या ताई, ती उशी घेऊन या, कुणी टेकणार नाही.