व्होथची शेपूट कुठे गेली?

जीवशास्त्रवाली: कुणीतरी 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या अंतराळ-मालिकेच्या १९९७ च्या 'डिस्टंट ओरिजिन' या भागाला "उत्क्रांतीचा उत्तम धडा" म्हटलंय. राहवलं नाही. त्यातले व्होथ म्हणजे हॅड्रोसॉर या डायनासोरचे वंशज. साडेसहा कोटी वर्षांनी ते कसे दिसतात? ताठ पाठ, दोन हात, शेपूट गायब. थेट माणूस! वर माणसांच्या यानातला संगणक हॅड्रोसॉरवरून पुढचं रूप काढून दाखवतो. उत्क्रांतीला ठरलेलं टोक नसतं हो. जीवाश्मतज्ज्ञ डेल रसेल यांनी १९८२ मध्ये असाच काल्पनिक डायनासोर-माणूस उभा केला, त्यावरही हाच आक्षेप आला. बारावीची पोरं मला दरवर्षी विचारतात, "मॅडम, माणसानंतर काय?" हे अशा मालिकांमुळेच.

रात्रपाळी: तो भाग हाडांचा नाहीच, मॅडम. त्यातला व्होथ शास्त्रज्ञ गेगेन माणसाच्या सांगाड्यावरून सांगतो की आपण व्होथ मूळचे पृथ्वीवरचे. सत्ताधाऱ्यांना ते चालत नाही, ते खटला चालवतात. व्हॉयेजर यानावरची माणसं कैदेत जातील म्हणून तो शब्द मागे घेतो. १६३३ चा गॅलिलिओच! माझ्या वडिलांनी ऑफिसात खरा अहवाल दिला होता, तो त्यांना मागे घ्यायला लावला. त्या रात्री ते ताटावरून उठले. यानावरचा अधिकारी चाकोते गेगेनच्या हातात पृथ्वीचा छोटा गोल ठेवतो, तिथे मला ते ताट दिसतं. तुम्ही शेपूट मोजा.

जीवशास्त्रवाली: वडिलांबद्दल वाईट वाटलं. म्हणून चुकीचं विज्ञान बरोबर ठरत नाही.

वरोरेकर: परग्रहावरचे डायनासोर पुरे. आमचं पिसदुरा किती जणांना माहीत आहे? चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ. तिथल्या डायनासोरच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले, २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याआधी डायनासोरच्या काळात गवत होतं याचा ठोस पुरावा नव्हता!

रात्रपाळी: विषय भरकटतोय.

वरोरेकर: भरकटू दे! मामाच्या बांधावर तसा एक दगड होता. तपकिरी, वळ्या पडलेला, मुठीएवढा, हातात धरला की जड. बाहेरून आलेल्या एकाने शंभर रुपये देऊन नेला. मामाला वाटलं, फायदा झाला. शाळेत आम्हाला अमेरिकेतला टी-रेक्स शिकवला, बांधावरचं कुणी सांगितलं नाही.

रात्रपाळी: म्हणजे गेगेनचंच दुखणं. आपलं मूळ आपल्यालाच कुणी दाखवत नाही.

वरोरेकर: गेगेन राहू द्या. मामा खरा आहे.

जीवशास्त्रवाली: एकोणीस वर्षं शिकवतेय, पिसदुरा एकदाही सांगितलं नाही. ती चूक माझी. सोमवारी सांगेन. गेगेनचा खटलाही दाखवेन, पण तेवढाच. संगणकाचा प्रसंग वर्गात लावणार नाही.