मदत हवी आहे: हाफ-ट्रॅकवरची उखळी तोफ पुढे तोंड करून बसवायची आहे (१:३५ मॉडेल)

नमस्कार मंडळी,

अमेरिकी सैन्याच्या एम४ या उखळी तोफवाल्या हाफ-ट्रॅकचं (पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेल्या गाडीचं) मॉडेल करायला घेतोय. प्रसंग डिसेंबर १९४४ चा, बेल्जियममधल्या सेल गावाजवळचा. म्यूज नदीच्या अगदी जवळ पोचलेल्या जर्मन २ऱ्या पँझर डिव्हिजनला अमेरिकेच्या २ऱ्या आर्मर्ड डिव्हिजनने इथेच अडवलं.

एम४ मध्ये ८१ मिमीची तोफ मागे तोंड करून असायची. मूळ बेत असा, की तोफ गाडीतून न्यायची, उतरवून जमिनीवर मांडायची आणि अगदी नड पडली तरच गाडीतून डागायची. पण रोज पुढे सरकणाऱ्या तुकडीला एवढी सवड कुठली? त्यात समोर मारा करायचा तर आधी गाडी वळवून शत्रूकडे पाठ करायची! नंतरच्या एम४ए१ मध्ये गाडीतूनच मारा करता यावा म्हणून तळ मजबूत केला, तोंड मात्र मागेच राहिलं. म्हणून २ऱ्या आर्मर्डच्या लोकांनी स्वतःच तोफा फिरवून घेतल्या. मला तीच फिरवलेली गाडी करायची आहे; ज्यांना ती वापरायची होती त्यांचं डोकं त्यात दिसतं.

माझ्याकडे एम२१ या दुसऱ्या उखळी तोफवाल्या हाफ-ट्रॅकचा संच पडून आहे. त्यात तोफ पुढेच तोंड करून आहे. तोच वापरून एम४ म्हणून खपेल का? दुसरं म्हणजे, बर्फासाठी गाडीला फासलेला पांढरा रंग जागोजागी उडालेला दाखवायचाय, पण खालचा ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी गाड्यांचा मळकट हिरवा रंग) शाबूत राहायला हवा. काय करता तुम्ही?

प्रतिसाद १

एम२१ चा संच नको. ती गाडी एम३ हाफ-ट्रॅकवर बांधलेली, एम४ मात्र एम२ हाफ-ट्रॅकवर. एम२ ची मागची पेटी आखूड असते आणि पुढच्या सीटच्या मागे, दोन्ही बाजूंना, बाहेरून उघडणारी दारूगोळ्याच्या कप्प्यांची दारं असतात. जाणकाराची नजर पहिली तिथेच जाते. शिवाय एम२१ १९४४ मध्ये जेमतेम ११० निघाल्या. एम४ चाच संच घ्या आणि तोफ फिरवा.

पट्टा रंगवताना एक सांभाळा. याचा पट्टा रणगाड्यासारखा लोखंडी कड्यांचा नाही, आत पोलादी तारा घातलेला सलग रबरी आहे. त्यामुळे बाहेरच्या बाजूला चंदेरी रंग अजिबात नको. आतल्या बाजूला मधोमध जे पोलादी दात असतात, तेवढेच घासून चकाकू द्या.

प्रतिसाद २

पांढऱ्या रंगासाठी: ऑलिव्ह ड्रॅब लॅकरचा मारा, पूर्ण वाळू द्या, वर हेअरस्प्रे, मग पातळ अ‍ॅक्रिलिक पांढरा. पाण्यात भिजवलेल्या आखूड ब्रशने हळूहळू घासलं की पांढराच सुटतो, लॅकर हलत नाही. मात्र पांढरा मारल्यावर फार दिवस ठेवू नका, नंतर तो सुटता सुटत नाही. दारांच्या कडा, बॉनेट आणि जवान चढताना जिथे बूट टेकतात ती जागा जास्त घासा. बाजूच्या सपाट पत्र्यावर हात आवरता घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एम४ चा संच मागवतो. तोफ फिरवल्यावर आतल्या गोळ्यांच्या मांडणीत काय बदल करत, हे दिसेल असा फोटो कुणाकडे असला तर इथे जरूर डकवा.