३०० मिमीच्या आकड्यापेक्षा स्थिरीकरण महत्त्वाचे

पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी कॅनन १५००डी कॅमेऱ्याला ७५-३०० मिमी झूम लेन्स घ्यावी की ५५-२५० मिमी आयएस एसटीएम (यातले आयएस म्हणजे प्रतिमा-स्थिरीकरण), या आपल्या प्रश्नावर बऱ्याच जणांचा कल दूरचे अधिक जवळ आणणाऱ्या ३०० मिमीकडे दिसतो. मला मात्र ५५-२५० अधिक योग्य वाटते. ७५-३०० मध्ये प्रतिमा-स्थिरीकरण, म्हणजे हाताच्या कंपाने फोटो हलू नये यासाठीची लेन्समधली सोय, नाही, आणि या कॅमेऱ्याचा १.६ क्रॉप फॅक्टर (लहान सेन्सरमुळे दृश्य, आणि हाताचे कंपही, १.६ पट मोठे दिसणे) धरला तर हातात धरून काढलेला फोटो हलू नये म्हणून ३०० मिमीवर शटर किमान १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवावे लागते, जे सकाळच्या कोवळ्या उजेडात एफ/५.६ या छिद्रमापावर आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) बराच वाढवल्याशिवाय जमत नाही. उडत्या पक्ष्यासाठी वेगवान शटर दोन्हींवर लागेलच. पण फांदीवर स्वस्थ बसलेल्या खंड्याच्या चोचीची कड स्थिरीकरणामुळे १/१२५ वरही रेखीव येऊ शकते. वापरलेली लेन्स घेणार असाल, तर आतल्या काचांवर बुरशी नाही ना, हे टॉर्च लावून अवश्य पाहावे.