ग्राफिक्स कार्डांच्या तारखा : निरोगी स्पर्धा की ग्राहकाची कोंडी?

पिक्सेलपंत : 'रात्रपाळी' यांनी काल असे मत मांडले की, ग्राफिक्स कार्डे (संगणकाच्या पडद्यावरची चित्रे घडवणारे भाग) बनवणाऱ्या कंपन्या एकमेकींच्या विक्रीच्या तारखांवर कुरघोडी करतात तेव्हा किमती उतरतात, त्यामुळे ग्राहकाने कुरकुर करू नये. जुलै २०१९ त्यांच्या विस्मरणात गेलेला दिसतो. आरएक्स ५७०० एक्सटी या कार्डाची किंमत एएमडी कंपनीने ४४९ डॉलर जाहीर केली होती आणि विक्री ७ जुलैला सुरू व्हायची होती. प्रतिस्पर्धी एनव्हिडियाने २ जुलैला 'सुपर' ही नव्या कार्डांची मालिका पुढे करताच ५ तारखेला तेच कार्ड ३९९ वर आले. तीन दिवसांत चिपचे सिलिकॉन स्वस्त होत नाही. समोर तारीख ठेवणारे कोणी नसते, तर ते पन्नास डॉलर निमूटपणे आपल्याकडूनच वसूल झाले असते.

रात्रपाळी : म्हणजे आपण माझेच म्हणणे सिद्ध केलेत, त्याबद्दल आभार. विक्री सुरू होण्याआधीच किंमत उतरली, मग फसवणूक नेमकी कोणाची झाली? जानेवारी २०२० मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स २०६० हे कार्ड २९९ डॉलरवर आणले, तेव्हा एएमडीने आरएक्स ५६०० एक्सटीचा वेग विक्रीच्या तोंडावर नव्या बायोसने (कार्डातच साठवलेल्या मूळ आज्ञावलीने) वाढवला, तोही किंमत न वाढवता.

पिक्सेलपंत : आणि जुन्या बायोससह खोक्यात बंद होऊन निघालेली कार्डे? ती ज्यांच्या पदरी पडली त्यांनी बायोस स्वतः बदलायचा, ही जोखीम आपण सोयीस्करपणे वगळलीत.

खिसा_रिकामा : आपण दोघे डॉलरवर भांडत आहात, पण ते डॉलर आमच्यापर्यंत पोहोचतात कुठे? मार्च २०२५ मध्ये ५ तारखेला एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०७० आणि ६ तारखेला एएमडीचे ५९९ डॉलरचे आरएक्स ९०७० एक्सटी आले, म्हणून मी मोठ्या आशेने मुंबईतला संगणक-बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठला. दुकानदाराने शांतपणे सांगितले की, कार्ड एकटे मिळणार नाही, सोबत एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा संच) आणि कॅबिनेट (संगणकाची पेटी) घ्यावेच लागेल.

रात्रपाळी : अमेरिकेतील जाहीर किमतीत तेथील विक्रीकर धरलेला नसतो आणि आपल्याकडे १८ टक्के जीएसटी लागतो, एवढे तरी तुलना करताना लक्षात घ्यावे.

खिसा_रिकामा : जीएसटीची शिकवणी मला नको. एसएमपीएस गळ्यात मारण्याची सक्ती कोणत्या करप्रणालीत आहे, ते सांगा.

सावकाश_घेणारा : मलाही एका दुकानात मॉनिटरसकटच कार्ड देऊ केले होते. पहिल्या दिवशी माल मोजकाच येतो आणि तारीख मात्र जगभर एकच असते, म्हणूनच दुकानदाराचे फावते. कंपन्यांना हे ठाऊक नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे आहे.

रात्रपाळी : दुकानदाराचे पाप कंपनीच्या माथी मारण्याची ही हौस विलक्षण आहे!

पिक्सेलपंत : मग निव्वळ कंपनीचेच पाप घ्या. मे २०२५ मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० विक्रीला आले ते तैपेईतल्या कॉम्प्युटेक्स या संगणक-प्रदर्शनाच्या धामधुमीत, कार्डे तपासून लिहिणारे परीक्षक तिकडे असताना. आणि निवडक माध्यमे सोडली तर कोणालाही विक्रीपूर्वी ड्रायव्हर (कार्ड चालवण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर) मिळाला नाही. आठ जीबी स्मृतीचे कार्ड तपासणीविना विकण्याचा याहून सोपा मार्ग कोणता?

रात्रपाळी : ड्रायव्हर रोखणे समर्थनीय नव्हते, हे मान्य करतो, आपल्याला एवढ्यानेच विजयोत्सव करायचा असेल तर खुशाल करावा. मात्र त्यानंतर जूनमध्ये ८ आणि १६ जीबीची दोन कार्डे आरएक्स ९०६० एक्सटी या एकाच नावाने एएमडीनेच विकायला काढली, तेव्हा आपली लेखणी कोठे होती?

खिसा_रिकामा : त्यांतल्या १६ जीबीच्या कार्डासोबत दुकानदार काय खपवतो आहे, हे कोणाला कळले असल्यास कृपया कळवावे.