मदत हवी आहे : गर्भजलाच्या रिपोर्टबद्दल

नमस्कार मंडळी. आमची वहिनी खानापूरची, सध्या बेळगावात अ‍ॅडमिट आहे. तिसावा आठवडा चालू आहे. कळा येतायत, पाणी मात्र गेलेलं नाही. पोटातून सुईने गर्भजल काढून तपासलं : ग्लुकोज ११, पांढऱ्या पेशी ५०च्या वर, ग्रॅम स्टेन (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघतात ती तपासणी) निगेटिव्ह. कल्चरचा (जंतू वाढवून बघतात त्याचा) रिपोर्ट यायचाय. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉईडची इंजेक्शनं सुरू केलीत.

'निगेटिव्ह' ऐकून घरचे निवांत झालेत, माझा जीव काही थाऱ्यावर नाही. ग्लुकोज १४-१५च्या खाली आणि पेशी वाढलेल्या म्हणजे आत संसर्गाची शंका, असं वाचलं. शिवाय युरिआप्लाझ्मा नावाच्या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, तो ग्रॅम स्टेनमध्ये दिसणार कसा? साध्या कल्चरमध्येही तो सहसा सापडत नाही म्हणे.

गर्भजलातलं इंटरल्युकिन-६ (दाह दाखवणारं प्रथिन) किंवा युरिआप्लाझ्माचं पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) बेळगाव, हुबळी, कोल्हापूर भागात कुणी करून घेतलंय का? उरलेल्या नमुन्यावर होतं की परत सुई घालावी लागते? डॉक्टर भराभर कन्नडमध्ये सांगतात, दादाला निम्मंच कळतं. उद्याच्या राउंडला नेमकं काय विचारू, तेही सांगा. सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून झालाय, तो सल्ला नको. लॅबमध्ये काम करणारं कुणी असेल तर प्लीज लवकर लिहा.