मदत हवी आहे: फाशीबंदीचं निवेदन नेमकं कुणाला द्यायचं?

नाशिकमध्ये आम्ही सात-आठ जण फाशीची शिक्षा रद्द व्हावी म्हणून काम करतो. संस्था नोंदणीकृत नाही, निधी खिशातला.

कॉलेज रोडवर दोन रविवार उभं राहून 412 सह्या जमवल्या. निवेदन एका सरकारी कार्यालयात दिलं. आवक-जावकचा शिक्का मिळाला, पुढे काही नाही. चूक आमचीच असावी. 'फाशी रद्द करा' एवढंच लिहिलं होतं, कोणी काय करायचं ते नव्हतं.

नंतर वाचलं की अ‍ॅम्नेस्टीसारख्या मानवाधिकार संघटना एकदम रद्द करा म्हणून थांबत नाहीत. आधी अंमलबजावणीला स्थगिती मागतात. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत 2007 पासून तसे ठराव होतात. भारत विरोधात मत देतो. इकडे विधी आयोगाने (केंद्र सरकारला कायद्यांबाबत सल्ला देणारा) 2015 च्या 262व्या अहवालात दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी असं सुचवलंय. आमचा नवा मसुदा त्यावरच बेतलाय.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदा करू शकतात, म्हणून कुणाकडे जायचं याचा घोळ होतोय. (दयेच्या अर्जाबद्दल विचारत नाही, कुठलंही एक प्रकरण नाही. आणि 'बळींच्या घरच्यांचं काय' हा वाद इथे नको, तो आमच्यातच रोज होतो.)

खासदारांकडे अशासकीय विधेयक (मंत्री नसलेला खासदार मांडतो ते) मागावं, की महासभेतल्या पुढच्या मतदानात भारताने निदान तटस्थ राहावं एवढीच मागणी परराष्ट्र मंत्रालयाकडे करावी? खासदारांना भेटलेल्या कुणी सांगाल का, किती पानी निवेदन ते खरंच वाचतात?