२४ तास बातम्या: थांबायचं कुठे?

अर्धविराम
'पंधरा मिनिटं हेडलाइन्स बघू' म्हणून टीव्ही लावायचा आणि उठेपर्यंत दोन तास गेलेले, हे रोजचंच झालंय. रोज २ तास म्हणजे वर्षाला ७३० तास. जागेपणीचे १६ तास धरले तर पंचेचाळीस दिवसांहून जास्त! बातम्या पूर्ण बंद करायच्या नाहीत, जगात काय चाललंय ते कळायलाच हवं. पण रोजच्या अर्ध्या तासात हे कसं बसवावं? टीव्ही आपोआप बंद करणारा स्लीप टायमर लावला तर दुसऱ्या दिवशी तो निघून गेलेला असतो. आणि एखादी मोठी घटना घडली की सगळे नियम गुंडाळून ठेवले जातात, तेव्हा काय करायचं?

पानगळ
बुलेटिनला शेवट असतो, चॅनेलला नसतो. खरी अडचण इथे आहे. १८ एप्रिल १९३० रोजी बीबीसी रेडिओने बातम्यांच्या वेळेला 'आज बातमी नाही' असं सांगितलं आणि उरलेला वेळ पियानो ऐकवला. १ जून १९८० ला सीएनएन सुरू झालं आणि बातमी असो वा नसो, २४ तास भरणं आलं. तेव्हापासून तोच मजकूर फिरवून, मध्ये चर्चा घालून तास भरले जातात. त्यामुळे शेवट आपणच ठरवावा लागतो.

आधी सात दिवस नुसतं मोजा. कागदावर तीन रकाने आखा: टीव्ही कधी लावला, कधी बंद केला, आणि काय नवीन कळलं. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. पहिल्या वीस मिनिटांतच तो भरतो आणि पुढे कोरा राहतो, हे चार दिवसांत स्वतःच्या अक्षरात दिसतं. मग दिवसातली एकच वेळ निवडा, शक्यतो मुख्य बुलेटिनची. झोपण्याआधीचा तास नको.

एक खूण सांगतो. तेच दृश्य तिसऱ्यांदा दिसलं, किंवा कोपऱ्यात 'संग्रहित दृश्ये' अशी पट्टी आली, की नवीन माहिती संपली असं समजा. 'ब्रेकनंतर पाहूया' हे वाक्य तर तुम्हाला धरून ठेवण्यासाठीच असतं, तेव्हा ब्रेक लागला की उठायचं.

तारजोड
टायमरचं उत्तर देतो. स्लीप टायमर हा एकदाच चालणारा असतो, टीव्ही बंद झाला की पुसला जातो. सेटिंग्जमध्ये वेळेच्या किंवा पॉवरच्या भागात 'ऑफ टायमर' मिळतो का बघा. त्यात घड्याळाची वेळ आणि 'दररोज' निवडता येतं. मात्र आधी टीव्हीचं घड्याळ बरोबर लावा, नाहीतर तो भलत्याच वेळी बंद होतो. ही सोय सगळ्या टीव्हींत नसते. नसेल तर मोबाइलचा रोजचा गजर लावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे गजर बंद करायला उठावंच लागेल.

दुसरी चूक बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. टीव्ही बंद झाला तरी सेट-टॉप बॉक्स चालू राहतो आणि पुढच्या वेळी तेच न्यूज चॅनेल समोर येतं. बंद करण्याआधी संगीताच्या चॅनेलवर जाऊन मग बंद करा. काही बॉक्समध्ये सुरुवातीचं चॅनेल ठरवून ठेवता येतं, ते त्याहून सोपं.

बॉक्समध्ये रेकॉर्डिंग असेल तर अर्ध्या तासाचं बुलेटिन दहा मिनिटं उशिरा सुरू करा आणि जाहिराती फॉरवर्ड करून टाळा. रेकॉर्डिंगसाठी बॉक्सला जोडायचा पेन ड्राइव्ह मात्र रिकामा घ्या, कारण पहिल्यांदा जोडल्यावर बरेच बॉक्स तो फॉरमॅट करतात आणि आतले फोटो-फाइली जातात. जुना, संथ ड्राइव्ह लावला तर एचडी रेकॉर्डिंग अडखळतं. केलेलं रेकॉर्डिंगही बहुधा त्याच बॉक्सवर चालतं, संगणकावर उघडत नाही.

निरखून
मोठ्या घटनेबद्दल. पहिल्या दोन-तीन तासांत आकडे सतत बदलतात. पोलीस, रुग्णालय आणि प्रत्यक्षदर्शी वेगवेगळे आकडे देतात, एकच जखमी दोन ठिकाणी मोजला जातो, आणि चॅनेल मिळेल तो आकडा लगेच दाखवतं. त्या वेळात बघितलेलं नंतर डोक्यातून काढून टाकावं लागतं, आणि ते नीट निघत नाही. म्हणून एकदा दहा मिनिटं बघा, टीव्ही बंद करा आणि तीन तासांनी परत दहा मिनिटं लावा. मधल्या काळातलं महत्त्वाचं सगळं त्या दहा मिनिटांत पुन्हा सांगितलं जातंच.

हे मी वेळेसाठीच सांगत नाही. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरच्या आठवड्यात जे रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या बघत-वाचत होते, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

अपवाद एकच: पूर, वादळ, आग आपल्याच भागात असेल तर. तेव्हाही चॅनेलपेक्षा प्रशासनाच्या सूचना आधी बघा. मोबाइलवर न्यूज अॅपची नोटिफिकेशन्स बंद करा, पण आपत्तीचा इशारा देणारी सोय चालूच राहू द्या. या दोन्हींच्या सेटिंग्ज वेगळ्या असतात.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. ऑफ टायमर सापडला, घड्याळ खरंच चाळीस मिनिटं मागे होतं. अजून एक विचारतो: घरातल्या ज्येष्ठांना दिवसभर आवाज लागतो. त्यांना बंद करा कसं म्हणायचं?

पानगळ
म्हणू नका, आणि रिमोट तर अजिबात लपवू नका. त्यांना बहुतेक वेळा बातमी नको असते, घरात माणसाचा आवाज हवा असतो. दुपारसाठी रेडिओ किंवा संगीताचं चॅनेल लावून द्या. बऱ्याच टीव्हींत चित्र बंद ठेवून फक्त आवाज चालू ठेवता येतो, तेही दाखवा. आणि संध्याकाळचं बुलेटिन त्यांच्याशेजारी बसून बघा, मध्ये मोबाइल न उघडता.